औषधाचे माप

नीरेच्या डाव्या कालव्याने ज्या मुलखाच्या शेतीचे रूप पालटून टाकले, त्या बारामती-इंदापूरच्या टापूत कळस हे गाव आहे; आणि या टापूतील इतर गावांप्रमाणे येथील माणूसही मापाच्या बाबतीत भोळा मुळीच नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढली म्हणजे ती किती टन आणि किती किलो भरली याकडे त्याचे डोळे लागलेले असतात, आणि काटा मारल्याचा नुसता संशय आला तरी तो तक्रारीचा कागद तालुक्याच्या कचेरीपर्यंत नेण्यास मागेपुढे पाहत नाही. दूध संकलन केंद्रावर लिटरचा आणि फॅटचा आकडा चिठ्ठीवर उमटल्याखेरीज तो रिकामा कॅन उचलत नाही. आणि डाळिंबावर किंवा द्राक्षाच्या वेलीवर फवारणी करावयाची झाली, की पंधरा लिटरच्या पंपाला अमुक औषध किती मिली घालावयाचे, हे त्याला पाढ्यासारखे मुखोद्गत असते. परंतु त्याच घरातील मूल रात्री तापाने फणफणले म्हणजे, उशाशी ठेवलेल्या बाटलीतून त्याला जे औषध पाजले जाते ते मात्र ‘चमचाभर’ असते, आणि तो चमचा चहाचा, साखरेच्या डब्यातला की वाढपाचा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. डाळिंबावरच्या किडीला जे अचूक माप लाभते ते पोटच्या पोराला लाभू नये, ही विसंगती अज्ञानातून आलेली नाही. मिलिलिटर या घराला ठाऊक आहेच. तो शेतातल्या खोपीतून आतल्या खोलीत आलेला नाही, एवढेच.

याचे कारण असे, की घरगुती औषधोपचाराची आपली वहिवाट मोजण्याची नसून अदमासाची आहे, आणि ही वहिवाट एके काळी अगदीच अडाणीपणाची नव्हती. बाळगुटीचेच उदाहरण घ्यावे. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड अशी मुळे-फळे सहाणेवर दुधात किंवा पाण्यात उगाळावयाची, आणि प्रत्येकाचे प्रमाण ठरवावयाचे ते वेढ्यांनी: मुरुडशेंगेचे दोन वेढे, जायफळाचा एकच, वेखंडाचा अर्धा. मूल जसजसे महिन्यामहिन्याने वाढेल तसतसे वेढे वाढवावयाचे, म्हणजे वय आणि वजन यांच्याप्रमाणे मात्रा चढली पाहिजे हे तत्त्व आपल्या आज्यांना पुरते उमगलेले होते. न्यून होते ते एककात. सहाण खरखरीत असली तर एका वेढ्यात अधिक झिजे, गुळगुळीत असली तर कमी. आजीचा हात जड असला तर जायफळाचा अंमल मुलावर अधिक चढे आणि ते दिवसभर गुंगीत पडून राही. जोपर्यंत आजी एक, सहाण एक आणि बाळही एकच होते, तोपर्यंत ही पद्धत चालून जात असे. तीच गुटी शेजारणीला नुसत्या तोंडी हिशेबाने सांगावयाची म्हटले, की मापाचे मापपण संपले. आजच्या वैद्यकात तर एक मनुष्य औषध घडवतो, दुसरा ते लिहून देतो, तिसरा विकतो आणि चौथा पाजतो, आणि या चौघांची परस्परांशी गाठ पडेलच असे नाही. त्यांच्या हाती सारखी असलेली वस्तू एकच, ती म्हणजे आकडा आणि त्याच्या पुढचे एकक.

जुन्या शास्त्रकारांना ही अडचण दिसली नव्हती असे नाही. शार्ङ्गधराने आपल्या संहितेच्या आरंभीच मागध आणि कालिंग अशा दोन मानपद्धती सांगितल्या, आणि त्यांतील मागध मान श्रेष्ठ असा स्पष्ट निर्णयही दिला. कारण एकच नाव धारण करणारे माप एका प्रांतात एक आणि दुसऱ्या प्रांतात दुसरे निघाले तर ग्रंथात लिहिलेला योग घरी बनवताना बिघडणारच. हा घोटाळा आजही संपलेला नाही. जुन्या सरकारी शेराचा ऐंशीवा भाग असणारा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आयुर्वेदीय योगांच्या केंद्र शासनप्रणीत संग्रहाने कर्ष अथवा तोळा म्हणून जो मान्य केला आहे तो १२ ग्रॅमचा, आणि सराफाच्या दुकानी आज तोळा म्हटले की १० ग्रॅम समजावयाचे. सोन्याच्या बाबतीत हा फरक भावातच सामावून जातो, म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. परंतु पारा किंवा बचनाग ज्यात पडतो अशा औषधात, तोळा म्हणजे कोणता तोळा हा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे. उपरिनिर्दिष्ट संग्रहाने प्रत्येक प्राचीन मानापुढे ग्रॅम आणि मिलिग्रॅम लिहून ठेवले, गुंजेचे १२५ मिलिग्रॅम आणि पळाचे ४८ ग्रॅम ठरवून टाकले, हे परंपरेला सोडून झाले असे ज्यांना वाटते त्यांनी शार्ङ्गधराची आठवण ठेवावी; त्यानेही त्याच्या काळी हेच केले होते.

इंग्रजी अमलाबरोबर जे वैद्यक आपल्याकडे आले त्याने या गोंधळात भरच घातली, कारण विलायतेतील औषधविक्रेत्यांची म्हणून एक स्वतंत्रच मापे होती. २० ग्रेनचा एक स्क्रूपल, ३ स्क्रूपलचा एक ड्रॅम, ८ ड्रॅमचा एक औंस. द्रवासाठी ६० मिनिमचा एक ड्रॅम आणि पुन्हा ८ ड्रॅमचा औंस. त्यातही औषधाचा औंस ३१.१ ग्रॅमचा, तर किराण्याचा औंस २८.३५ ग्रॅमचा, विलायतेचा पाइंट वीस औंसांचा, तर अमेरिकेचा सोळा औंसांचा. या जंजाळातून वाट काढण्यासाठी दवाखान्यातील कंपाउंडरने जी युक्ती योजली होती तिचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. तो मिक्श्चरच्या बाटलीच्या पाठीवर खाचा कातरलेली कागदाची एक पट्टी डकवी, आणि रोग्याला एवढेच सांगे की एका वेळी एका खाचेपर्यंत घ्यावे. येथे रोग्याला ना ड्रॅम कळावा लागे ना औंस. माप बाटलीलाच चिकटलेले असे आणि घरातील चमच्याची त्यात ढवळाढवळ होत नसे. तयार बाटल्यांचा जमाना आला, पट्टी गेली, आणि तिच्या जागी चमचा आला, ही खरोखर पीछेहाट होती.

ग्रेनाचे भूत तर अद्याप आपल्या घरोघरच्या औषधांच्या डब्यात नांदते आहे. ॲस्पिरिनची गोळी ३०० किंवा ३५० मिलिग्रॅमची नसून ३२५ मिलिग्रॅमची का, आणि तापावरची गोळी ५०० ची मिळते तशीच ६५० ची का मिळते, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्याला उत्तर या जुन्या दप्तरात सापडेल: एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, पाच ग्रेनांचे ३२५ आणि दहा ग्रेनांचे ६५०. माप बदलले, गोळीचा साचा राहिला. हे निरुपद्रवी अवशेष आहेत. परंतु ज्या काळी ग्रेन आणि ग्रॅम ही दोन्ही मापे एकाच चिठ्ठीवर वावरत होती, आणि दोहोंची संक्षिप्त चिन्हे एकमेकांशी मिळतीजुळती होती, त्या काळी हा निरुपद्रवीपणा नव्हता, कारण एका ग्रॅमात साडेपंधराच्या घरात ग्रेन मावतात. खुद्द ब्रिटनने ही औषधी मापे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्याने मोडीत काढली.

मेट्रिक मापे भारतीय वैद्यकात सरकारी कायद्याने शिरली असे मात्र समजू नये. सुईच्या वाटेने ती फार अगोदर आली होती. १८९७ सालच्या प्लेगात वाल्डेमार हाफकिन याने मुंबईत आपली लस सिद्ध केली आणि १० जानेवारीस तिचा पहिला प्रयोग स्वतःच्या देहावर केला, तेव्हा त्याने टोचून घेतलेले प्रमाण दहा घन सेंटिमीटर होते, औंसात किंवा ड्रॅमात नव्हते. हा घन सेंटिमीटर, म्हणजे आपला सीसी, दवाखान्याच्या बोलीत असा काही रुजला की आजही परिचारिका ‘दोन सीसी’ म्हणते आणि रोगीही ते समजतो. सव्वाशे वर्षांपूर्वी पिचकारीच्या नळीवर जे रेघांचे माप उमटले, तेच तोंडाने घ्यावयाच्या औषधाला लावावे एवढेच खरे पाहता आज मागावयाचे आहे.

बाजारपेठेतील क्रांती त्यानंतर साठ वर्षांनी झाली. १९५६ च्या अखेरीस वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा केंद्रीय कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला, आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतीत जुन्याला सोडचिठ्ठी मिळाली. शेर, अदशेर, पावशेर आणि नवटाक, तसेच पायली, मापटे, चिपटे आणि कोळवे यांच्या जोडीने शाळेतील पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांचीही रवानगी झाली. ज्या पिढीने हा फेरफार पाहिला तिने कुरकुर पुष्कळ केली, परंतु दहाच्या पटीने चालणारा हिशेब अडाण्यालाही फसवू देत नाही हे तिच्या लवकरच ध्यानात आले. जमिनीच्या बाबतीत मात्र तडजोड अद्याप चालू आहे: सातबाऱ्यावर तलाठी हेक्टर आणि आर लिहितो, आणि बांधावर शेतकरी गुंठ्यांत बोलतो. एक गुंठा आणि एक आर यांत फरक इतका अल्प आहे की या दुहेरी भाषेने कोणाचा जीव जात नाही. औषधात अशा दुहेरी भाषेला जागा नाही.

का नाही, हे एका साध्या हिशेबावरून उघड होईल. मुलाच्या तापावर दिले जाणारे पॅरासिटामॉल हे औषध एका वेळी दर किलो वजनाला साधारणतः १० ते १५ मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. मूल दहा किलोचे असेल आणि वैद्याने वरचे प्रमाण धरले, तर मात्रा १५० मिलिग्रॅमची झाली. आता बाजारात याच औषधाचे एक सिरप असे मिळते की ज्याच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसरे असे की ज्याच्या ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असते, आणि तान्ह्या बाळांसाठी थेंबांची जी छोटी बाटली असते तिच्या एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे तेच मूल, तोच ताप आणि तेच औषध असताना पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ मिलिलिटर आणि तिसरीतून केवळ दीड मिलिलिटर पाजावयास हवे. जो ‘चमचाभर’ म्हणतो त्याने या तिन्ही बाटल्या एक करून टाकल्या. त्यातून चमचा तरी एक असावा, तर तोही नाही: ग्रीसमधील संशोधकांनी घराघरांतील चहाचे चमचे मोजून पाहिले तेव्हा कोणात अडीच मिलिलिटर मावले, तर कोणात सात मिलिलिटरांहूनही अधिक. आपल्या स्वयंपाकघरातील चमच्यांची गोष्ट निराळी निघेल असे मानण्यास कारण नाही. पॅरासिटामॉलची मात्रा कमी पडली तर ताप उतरत नाही आणि आई घाबरून तासाभरात पुन्हा पाजते. दिवसभरात ती फार झाली तर यकृतावर आघात होतो, आणि तो आघात पहिल्या दिवशी दिसतही नाही. आमच्या आज्यापणज्यांनी कोठे मिली मोजले होते, असा जो युक्तिवाद पारावर ऐकू येतो त्याला हेच उत्तर आहे. त्यांची बहुतेक औषधे सौम्य होती, चूक पोटात घालणारी होती. आजची औषधे गुणकारी आहेत, आणि गुणकारी आहेत म्हणूनच चूक पोटात घालीत नाहीत.

या बाबतीत आपणच मागे आहोत असे नव्हे. अमेरिकेत, जेथे सामान्य जनता अद्याप पौंड, औंस आणि गॅलन यांतच व्यवहार करते, तेथील पालकांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की औषध चमच्यांच्या भाषेत मोजणाऱ्या पालकांकडून मात्रा चुकण्याचा संभव मिलिलिटर वापरणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. आणि पुढच्याच वर्षी तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, मुलांना पाजावयाचे द्रव औषध केवळ मिलिलिटरमध्येच लिहावे, चमच्याचे नावही काढू नये, असे जाहीर केले. ज्या देशाने मीटर आणि किलो बाजारात येऊ दिले नाहीत त्यालाही रोग्याच्या खाटेपाशी ते मान्य करावे लागले. आपल्याकडे बाजार पूर्णपणे मेट्रिक झालेला असताना आजाऱ्याची खाटच तेवढी मागे राहावी, हे चमत्कारिक आहे.

सरकारी आरोग्यसेवेने मात्र या कामी, गाजावाजा न करता, उत्तम पायंडा पाडला आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या बाटलीबरोबर जो प्लॅस्टिकचा चमचा येतो त्यावर खूण असते: नवव्या महिन्याच्या पहिल्या मात्रेला अर्ध्या खुणेपर्यंत १ मिलिलिटर, पुढे दर सहा महिन्यांनी पूर्ण २ मिलिलिटर. पाच वर्षांखालील मुलांना आठवड्यातून दोनदा द्यावयाच्या लोहाच्या सिरपची बाटलीच अशी घडवलेली असते की एका वेळी तिच्यातून १ मिलिलिटर बाहेर पडावा. लसीकरणाच्या पिचकारीत अर्धा मिलिलिटर भरला की दट्ट्या अडतो, आणि एकदा टोचून झाले की ती पुन्हा वापरताच येत नाही. अंगणवाडीतील ताई मुलाच्या दंडाभोवती जी फीत गुंडाळते ती सेंटिमीटरची आहे, आणि साडेअकराच्या खाली आकडा उतरला तर तीव्र कुपोषण समजावयाचे हे त्या फितीवरचा लाल रंगच सांगतो. या सर्व साधनांत शहाणपण एकच आहे: वापरणाऱ्याला हिशेब करावयास लावू नये, हिशेब वस्तूतच कोरून ठेवावा. कंपाउंडरच्या कागदी पट्टीचा हा खरा वारसा होय.

जलसंजीवनीच्या पाकिटापाशी आले की मात्र साखळी तुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या मोठ्या पाकिटात साडेवीस ग्रॅम मिश्रण असते आणि ते एक लिटर पाण्यासाठी असते. दुकानात लहान पाकिटेही मिळतात, ती साधारण २०० मिलिलिटरच्या पेल्यासाठी असतात. जुलाबाने सुकलेल्या मुलाला मोठे पाकीट एका पेल्यात कालवून पाजले तर मिठाचे प्रमाण पाचपट होते आणि औषध उलटते. उलट लहान पाकीट तांब्याभर पाण्यात टाकले तर ते नुसते गोडसर पाणी राहते. घरातील तांब्यात किती मावते हे आजवर कोणी मोजलेले नसते. याला फार मोठी तजवीज लागत नाही. प्रवासात विकत घेतलेली पाण्याची एक लिटरची बाटली घरोघरी पडलेली असते. ती स्वच्छ धुऊन याच कामासाठी राखून ठेवली, म्हणजे सरकारमान्य लिटर फुकट घरी आला.

मेट्रिक मापे आली म्हणजे चुका सरल्या, असे प्रतिपादन करण्याचा मात्र माझा मुळीच हेतू नाही. या मापांची म्हणून एक स्वतःची व्याधी आहे, आणि ती दशांश चिन्हाची. शेर आणि नवटाक यांची अदलाबदल झाली तर आठपटीचा फरक पडे आणि तो डोळ्यांना दिसे. येथे एक टिंब पुसले गेले की दहापटीचा फरक पडतो आणि कागद पहिल्याइतकाच नीटनेटका दिसतो. म्हणून रुग्णालयांतून असा दंडक आहे की अर्धा लिहावयाचा तर टिंबाच्या अगोदर शून्य घालून ०.५ असा लिहावा, आणि पाच लिहावयाचे तर टिंब व शून्य न जोडता नुसते ५ लिहावे, नाहीतर ५.० चे ५० होण्यास वेळ लागत नाही. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत तर अंतर हजारपटीचे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून कोकणातील कितीतरी मुलांचे प्राण वाचवले. त्या औषधाची मात्रा दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे बारा किलोच्या मुलाला ३६० मायक्रोग्रॅम, अर्थात ०.३६ मिलिग्रॅम. येथे चिन्हाचा संक्षेप करण्यात हशील नाही. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण अक्षरांत लिहावा हे उत्तम. आपल्याकडे आणखी एक खास देशी धोका आहे, ज्याचा इंग्रजी पुस्तकांत उल्लेख असण्याचा संभव नाही. हाताने लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि मराठी पाच घाईत इंग्रजी चारशी घरोबा करतो. ज्या चिठ्ठीवर औषधाचे नाव इंग्रजीत आणि मात्रा मराठी आकड्यांत असते तिच्यावर मेट्रिकचे कितीही संस्कार झाले असले तरी ती धोक्याचीच. आकडा कोणत्या लिपीत लिहावयाचा हे एकदा ठरवावे आणि शेजारी तो अक्षरांत लिहावा, जसा धनादेशावर लिहितो.

प्रत्येक औषध किलोच्या हिशेबाने द्यावयाचे असते असेही नाही, आणि हा अपवाद उसाच्या मुलखात माहीत असणे अगत्याचे आहे. सर्पदंशावरील प्रतिविषाची मात्रा मुलाला आणि मोठ्या माणसाला सारखीच, आरंभी साधारण आठ ते दहा कुप्या, देतात. कारण फुरसे किंवा घोणस चावताना समोरच्याचे वजन पाहून विष सोडीत नाही. प्रतिविषाला रोग्याच्या देहाशी कर्तव्य नाही, विषाशी आहे, आणि त्याचे माप विषाच्याच मिलिग्रॅमांत ठरलेले असते: एक मिलिलिटर प्रतिविष नागाचे किंवा घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम, आणि मण्याराचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते.

इन्शुलिनची कथा आणखी वेगळी आहे, कारण ते ग्रॅमातही मोजत नाहीत आणि मिलिलिटरमध्येही नाही. त्याचे एकक त्याच्या कार्यशक्तीवरून ठरवलेले आहे आणि त्याला नुसते ‘युनिट’ म्हणतात. आपल्या देशात मिलिलिटरला ४० युनिटची कुपी आणि १०० युनिटची कुपी अशा दोन्ही विकल्या जातात, आणि त्यांच्यासाठी दोन निरनिराळ्या पिचकाऱ्या आहेत, एक लाल टोपणाची आणि दुसरी नारिंगी टोपणाची. चाळीसच्या कुपीतले औषध शंभरच्या पिचकारीत वीसच्या रेघेपर्यंत भरले तर रोग्याच्या अंगात वीसऐवजी आठच युनिट जातात आणि साखर चढलेली राहते. उलट शंभरच्या कुपीतले औषध चाळीसच्या पिचकारीत वीसच्या रेघेपर्यंत भरले तर पन्नास युनिट जातात आणि रोगी घाम फुटून बेशुद्ध पडतो. दोन्ही वेळा घरच्या माणसाने सांगितल्याबरहुकूम ‘वीस’च दिलेले असतात. कुपी आणि पिचकारी एकाच दुकानातून, एकाच वेळी आणि दोहोंवरचा आकडा वाचून घेणे, हा यावर तूर्त असलेला एकमेव उपाय आहे.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती रोगी एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा. कळससारख्या गावातील आजारी मूल प्रथम जवळच्या दवाखान्यात जाते, तेथून बारामतीच्या सरकारी रुग्णालयात, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर पुण्यास ससूनमध्ये. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे ससूनची वाट पुष्कळांची वाचते. परंतु वाट छोटी असो की मोठी, रोग्याबरोबर एक चिठ्ठी जाते. त्या चिठ्ठीवर ‘दोन चमचे दिले’ असे लिहिलेले असेल तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही, आणि काही न कळता पुढची मात्रा द्यावयाची की थांबावयाचे हे त्याला ठरवावे लागते. ‘वजन ९ किलो, पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम, रात्री दहा’ असे लिहिले असेल तर एका ओळीत त्याचे अर्धे काम झाले. यांतही औषधाच्या आकड्याहून वजनाचा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो असला तर औषधाची चूक पुढच्या टेबलावर पकडली जाण्याची आशा असते. चिठ्ठीच्या कोपऱ्यात वजनाचा रकाना छापून घेण्यास कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही.

आता राहिले तापमापक. एकाच आरोग्य केंद्रात, एकाच छपराखाली, लशीच्या शीतपेटीवर २ ते ८ अंश सेल्सिअसची नोंद दररोज सकाळ-संध्याकाळ होते, आणि शेजारच्या खोलीत रोग्याचा ताप ‘एकशे दोन’ असा फॅरनहाइटमध्ये सांगितला जातो. नवजात बालकांच्या कक्षात पुन्हा साडेछत्तीस ते साडेसदतीस सेल्सिअस हे सामान्य तापमान. ज्या ९८.६ ला आपण इतके प्रमाण मानतो तो आकडाही मूळचा सेल्सिअसचाच: वुंडरलिख या जर्मन वैद्याने १८६८ साली ३७ हा ढोबळ पूर्णांक सांगितला होता, आणि त्याचे रूपांतर करताना त्याला दशांशाची खोटी सूक्ष्मता चिकटली. तरीही माझ्या मते येथे तातडी नाही. शंभराच्या वर ताप, एकशे दोनला पट्ट्या, एकशे चारला दवाखाना, ही आईच्या मनातली उतरंड काम देते, आणि चुकीच्या मापाने तापमापक कोणाला विष पाजीत नाही. सदतीसच्या आकड्यांना एक पिढी लागली तर लागो. चमच्याला मात्र पिढीची मुदत देता येणार नाही. औषधविक्रेत्याने बाटलीबरोबर मिलिलिटरची खूण असलेली पिचकारी किंवा टोपण द्यावे, त्यावर अपेक्षित रेघेपाशी चिकटपट्टी लावावी, आणि डॉक्टरने ‘चमचा’ हा शब्द लेखणीतून काढून टाकावा, याला चालू वर्षाहून अधिक काळ लागण्याचे कारण मला दिसत नाही. आणि रक्तातील साखरेच्या बाबतीत विलायतेप्रमाणे मिलिमोल आणण्याचा जो आग्रह अधूनमधून धरला जातो तो तूर्त बाजूस ठेवावा: डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम म्हणजेच लिटरला ७ मिलिमोल, भागाकार अठराचा आहे, दोन्ही मेट्रिकच आहेत, आणि आपल्या सर्व प्रयोगशाळा, यंत्रे आणि रोगी पहिल्याच भाषेत बोलतात. लंडनला नोकरीस असलेल्या मुलाने आपली साखर ‘सात’ आली असे फोनवर सांगितल्यावर इंदापूरची आई हबकते, तेव्हा मुलाने सात या आकड्यामागे मिलिमोल हा शब्द जोडावा, आणि आईने आपल्या कागदावरचे मिलिग्रॅम त्याला वाचून दाखवावेत.